घुबडाबाईचा चष्मा

परतीच्या वाटेवर माणसाला घराची ओढ लागते म्हणतात. चष्मेवाल्याची तऱ्हा उलटी होती. जीप बंद पडावी, बोट चुकावी, विमानाला चार दिवस उशीर व्हावा, असं तो मनातल्या मनात घोकत होता. पण ऐन वेळी सगळी यंत्रं त्याच्याशी वैर धरून बसली. तीन आठवडे प्रत्येक चढाला रुसणारी ती जीप आज सुतासारखी सरळ धावली, आणि बोट तर अर्धा तास आधीच धक्क्याला येऊन उभी.

त्याच्या शर्टाच्या खिशात चष्म्याची एक निळी डबी होती आणि ती रिकामी होती. आतला चष्मा त्याने तिकडे एका मुलीला देऊन टाकला होता. आता घरी जाऊन बायकोला ते सांगायचं होतं. एवढंच. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण त्या अर्ध्या मिनिटापर्यंत पोचूच नये असं त्याला वाटत होतं.

चष्मा त्यांच्या पोरीचा होता. पोर दोन वर्षांपूर्वी गेली, अकरा वर्षांची असताना, चार दिवसांच्या तापात. नंबर लहानपणापासूनच दांडगा. भिंगं अशी जाड, की बाप तिला घुबडाबाई म्हणायचा आणि ती लगेच त्याला ‘घुबडाचे बाबा’ म्हणून उट्टं काढायची. तो चष्मा त्याने स्वतःच्या हाताने केला होता. काचा घासून फ्रेममध्ये बसवल्या त्याने, कानामागे काडीला बाक दिला तोही त्यानेच. पोर गेल्यावर पाचव्या दिवशी त्याने दुकान उघडलं. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत म्हणाला. बायकोने तो चष्मा पोरीच्या टेबलावर, उघड्या पुस्तकावर ठेवला. रोज सकाळी ती काचा पुसायची, पुस्तकाचं एक पान उलटायची आणि चष्मा परत जागेवर ठेवायची. असं करत करत पोरीची सात पुस्तकं वाचून झाली होती. चष्मेवाला त्या खोलीवरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

चर्चच्या मंडळीने यंदा पुन्हा परदेशात डोळ्यांच्या शिबिराला पथक न्यायचं ठरवलं तेव्हा चष्मेवाल्याचं नाव आपसूकच पुढे आलं. घरोघरचे जुने चष्मे गोळा करायचे, त्यांचे नंबर काढून चिठ्ठ्या लावायच्या आणि तिकडे ज्याला जो जुळेल तो द्यायचा. निघायच्या दिवशी बायकोने ती निळी डबी त्याच्या हातात ठेवली.

“तिला तुमच्याबरोबर जायचं होतं ना तिकडे? सारखी मागे लागायची. घेऊन जा तिला. बॅगेत नको, खिशात ठेवा. जसा नेताय तसा परत आणा.”

“हो,” तो म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

बोट सुटली तसे मंडळीचे पाळकसाहेब त्याच्या शेजारी येऊन बसले. मनाने सोन्यासारखा माणूस, पण तोंडात तीळ भिजत नसे आणि हातात माईक आला की सुटत नसे.

“बंधू, रविवारच्या उपासनेत साक्ष तुमची,” ते म्हणाले. “बाकी कुणी पाच मिनिटं, तुम्ही वीस घ्या. लेकराची शेवटची आठवण परक्या लेकराला देऊन टाकणं! देवळात एक डोळा कोरडा राहायचा नाही.”

“मला जमायचं नाही, पाळकसाहेब.”

“प्रभू शब्द देईल.”

चष्मेवाला पाण्याकडे बघत राहिला. प्रभू शब्द देईल, पण कुठले? घडलं ते असं होतं.

शिबिराच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, शाळेच्या पडवीत, एका बाईने आपल्या मुलीला हाताला धरून आणलं. दहा-अकराची असेल. भिंतीवरचा तक्ता सोडाच, तिला भिंत कुठे संपते तेही नीट उमगत नव्हतं. चष्मेवाल्याने एकामागून एक भिंगं लावून पाहिली आणि नंबर निघाला तेव्हा त्याचा हात थबकला. उजवा वजा साडेसात, डाव्यातही फारसा फरक नाही, जवळजवळ घुबडाबाईचाच नंबर. एवढ्या नंबराचा चष्मा दानाच्या पेटीत कधीच येत नाही. ज्याला तो लागतो तो देत नसतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “नंबर लिहून घ्या. घरी गेल्यावर तुम्ही करा, दोन महिन्यांत पाठवून देऊ.” अगदी बरोबर बोलल्या.

चष्मेवाल्याने नंबर लिहून घेतला. मग त्याला वाटलं, दोन महिन्यांनी काय मिळणार आहे ते पोरीला नुसतं दाखवू तरी. त्याने खिशातली डबी काढली आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. मुलीने वळून आईकडे पाहिलं. आईच्या हनुवटीवर जुन्या जखमेचा एक व्रण होता. तिने तो लांबूनच पाहिला, बोटाने दाखवला आणि खुदकन हसली. चष्मेवाल्याने चष्मा परत घ्यायला हात पुढे केला. मुलीने मान मागे घेतली. दुभाष्याने विचारलं, “घेऊन जाऊ दे का तिला?” आणि चष्मेवाला म्हणून गेला, “जाऊ दे.”

इथपर्यंत सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं त्याच्या एकट्याच्या पोटात होतं. मुलगी पायऱ्या उतरून गेली आणि त्याला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. आता त्या टेबलावर तो चष्मा असणार नाही, पान उलटलं जाणार नाही, मान वळवावी लागणार नाही. दया-बिया सगळी नंतरची. आधी सुटका होती. पोरीच्या चष्म्यापासून आपली सुटका झाली असं ज्या बापाला वाटतं, त्याने देवळात वीस मिनिटं काय बोलायचं?

छोट्या विमानाने त्यांना मोठ्या विमानतळावर आणून सोडलं. पुढच्या विमानाला नऊ तास होते. तिथल्या खुर्च्या माणसाने आडवं होऊ नये याच हेतूने केलेल्या असाव्यात. चष्मेवाला ताठ बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. ‘अगं, ऐक, रागावू नकोस.’ हे बाद. ‘तिचा चष्मा आता एका मुलीच्या कामाला येतोय.’ हे तर पाळकसाहेबांचं. डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप त्याच्या हातात दिला.

“घरी सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“समोरासमोर सांगेन.”

बाईंचा चेहरा पडला. “अहो, पण पाळकसाहेबांनी तर मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. तासाभरापूर्वीच.”

चष्मेवाल्याने फोन काढला. त्या मुलीचा हसरा चेहरा, तोंडभर चष्मा. त्याखाली पाळकसाहेबांनी अर्धं पान मजकूर लिहिला होता आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं, फुलं, ‘प्रभूची स्तुती असो’ यांची रांग लागली होती. ग्रुपमध्ये त्याची बायकोही होती. तिने मजकूर वाचलेला दिसत होता. लिहिलं काहीच नव्हतं.

त्याला पाळकसाहेबांचा असा संताप आला की कप फेकावासा वाटला. पण ते बिचारे समोरच्या खुर्चीत, बुटांचे बंद सोडून, तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांचा काय दोष? त्यांना गोष्ट जेवढी माहीत होती तेवढी चांगलीच होती. त्याने घरी फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

“कधी पोचताय?” तिने विचारलं.

“उद्या अकरापर्यंत. अगं, तो...”

“या मग,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मोठ्या विमानात सगळे पांघरुणं ओढून घोरत होते. चष्मेवाल्याने पापणीला पापणी लावली नाही. सारखा हात खिशाकडे जायचा आणि डबी चाचपून परत यायचा.

विमानतळावर मंडळी गाणं म्हणत उभी होती. हार होते, लहान मुलांनी रंगवलेला फलक होता. सगळ्यात जास्त गळाभेटी चष्मेवाल्याच्या वाट्याला आल्या. गर्दीत बायको कुठेच नव्हती. गाडीने त्याला दुकानाच्या दाराशी सोडलं. दुकान पुढे, घर मागे. गल्ल्यावर धूळ बसली होती. पोरीच्या खोलीवरून जाताना त्याने यावेळी मुद्दाम आत पाहिलं. पुस्तक मिटलेलं होतं.

बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. त्याने डबी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती उघडली, आत पाहिलं आणि मिटली.

“सकाळपासून अकरा फोन आले,” ती म्हणाली. “तुम्ही धन्य म्हणे, मी धन्य. पाळकीणबाई तर फोनवर रडल्याच. मलाच त्यांची समजूत काढावी लागली.”

“अगं, त्या मुलीला काही म्हणजे काही दिसत नव्हतं...”

“ते वाचलं मी. मला खरं काय ते सांगा.”

दोन दिवस जुळवलेली सगळी वाक्यं एकदम निरुपयोगी झाली. तो समोरच्या खुर्चीत बसला.

“मला तो घरात नको होता,” तो म्हणाला. “त्या खोलीवरून जाताना जीव घाबरा व्हायचा माझा. दिला आणि हलकं वाटलं. बोटीत बसेपर्यंत वाटत होतं.”

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “दोन वर्षांत एकदाही हात लावला नाहीत तुम्ही त्याला. म्हणून तर बरोबर दिला. तिला फिरवून आणायला काय मी वेडी आहे? मेलेलं माणूस फिरायला जातं का कुठे? मला वाटलं, तीन आठवडे खिशात राहिला तर एक दिवस तरी काढून बघाल आणि रडाल. मग घरी येऊन माझ्याशी बोलाल तिच्याबद्दल. एकटीच रडते हो मी या घरात.”

चष्मेवाल्याने रिकामी डबी स्वतःकडे ओढली.

“आता चष्माही गेला,” ती म्हणाली, “आणि तुम्ही रडलाही नाहीत.”

बाहेर कुणीतरी दुकानाची कडी वाजवली आणि कंटाळून निघून गेलं.

“त्या मुलीला किती दिवस चालेल तो?” तिने विचारलं.

“दीड वर्ष. फार तर दोन. या वयात नंबर वाढत जातो. मग नवा लागेल.”

“आपल्या तिचाही वाढला असता.”

“हो.”

“कितीने?”

निदान या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं, असं त्याला वाटलं. तो रोज दुकानात बोलायचा तसंच बोलू लागला. “वर्षाला पाऊण धरायचा. वरच्या वर्गात गेलं की वाचन वाढतं. आता तेरावं सरलं असतं, म्हणजे दोन वर्षांचा दीड, उजव्याचा साडेसातचा...”

आणि तिथे तो अडला. दोन वर्षांत त्याने पोरीला अकराच्या पुढे जाऊच दिलं नव्हतं. आता ती तेरा वर्षांची होऊन समोर उभी राहिली. उंच झालेली, लहान फ्रेम कानशिलांना रुतणारी, ‘बाबा, जाड काचा नकोत, सगळे हसतात, पातळ करून द्या ना’ म्हणून हटून बसलेली. त्याने दिल्या असत्या करून. त्याच दिवशी दिल्या असत्या. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला तो शब्दांचा नव्हता. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून तो रडू लागला, पोटातून, वेडावाकडा.

बायको उठली नाही, तिने त्याला हात लावला नाही. तिला उत्तर हवं होतं.

“सांगा ना,” ती म्हणाली. “किती झाला असता?”

“नऊ,” तो म्हणाला. “नऊ झाला असता गं.”