शास्त्रपाठातली जास्तीची ओळ

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी फार दमलेला आहे. मी एक जुना टाइपरायटर. माझ्या काही कळा एकदा दाबल्या की वर येत नाहीत, रुळाचे रबर टणक झाले आहे आणि माझी घंटी मर्जी असेल तरच वाजते. तेव्हा सांगताना मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझे एकेक अक्षर ठाकठीक केले आणि शेवटी कान लावून माझी घंटी ऐकली. तो खूश झाला, म्हणून मलाही वाटले की आपण कोणीतरी बडे आहोत. मग माझी रवानगी एका कचेरीत झाली. तिथे मी वर्षानुवर्षे एकच वाक्य लिहिले, ‘आपला अर्ज मिळाला, विचार चालू आहे.’ अर्जदार म्हातारे झाले, विचार काही संपला नाही.

तिथल्या टायपिस्टना मी बाबा म्हणतो, कारण त्यांची मुलगी त्यांना तसेच म्हणायची. ते ब्रशने माझ्या अक्षरांत साचलेली शाई काढत, सांध्यांना तेल देत. साहेब त्यांच्या कामाचे कौतुक करत, तेव्हा ते जागेवर येऊन मला थोपटत. पुढे कचेरीत संगणक आले आणि मला जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी टाकले. बाबा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाची भेट म्हणून काय हवे असे त्यांना विचारले गेले. त्यांनी मला मागितले. साहेबांना ती थट्टा वाटली.

घरी ताई होती, बाबांची एकुलती एक मुलगी. ती मुलांसाठी गोष्टी लिहायची. एक पान झाले की ती ते बाबांना वाचून दाखवायची. बाबा डोळे मिटून ऐकत. वा नाही, छान नाही. शेवटी फक्त म्हणत, “पुढे?” त्या एका शब्दावर ताईने अख्खी पुस्तके लिहिली.

बाबांकडे चर्चचेही एक काम होते. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना वाचककाका म्हणत. त्यांचे डोळे अधू झाले होते, शास्त्राची बारीक छपाई दिसत नव्हती, पण वाचनाचा मान सोडायला ते तयार नव्हते. म्हणून बाबा दर शनिवारी त्या आठवड्याचा पाठ माझ्यावर उतरवून देत. माझी अक्षरे मोठी, शिवाय दोन ओळींमध्ये भरपूर जागा. काका ते कागद खिशात घालून रुबाबात जात.

मग बाबा अंथरुणाला खिळले. ताईने त्यांचे सगळे केले आणि एके दिवशी ते गेले. काही आठवड्यांनी ती माझ्यासमोर बसली, कागद चढवला, बराच वेळ बसून राहिली आणि कागद काढून ठेवला. असे पुन्हा पुन्हा झाले. पुढे तिने कागद चढवणेही सोडले. कपाटातली पुस्तके ती फक्त झटकायची, उघडायची नाही. जेवणाआधीची प्रार्थना नुसत्या ओठांनी व्हायची. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसते, असे काकांच्या बोलण्यातून कळायचे. मला तिची काळजी वाटायची, आणि खरे सांगतो, थोडा रागही यायचा. नुसते बसून मी जितका थकलो, तितका कचेरीत कधी थकलो नव्हतो.

शास्त्रपाठ मात्र ती उतरवत राहिली. बाबांचे काम होते ना! पण माझ्यावर पडणारा हात कसा आहे, हे मला कळणार नाही तर कोणाला कळणार? नजर पुस्तकावर, बोटे माझ्यावर आणि मन कुठेच नाही. शेवटी एकदा ती काकांना म्हणाली की आता हे होत नाही, तुम्ही मोठ्या छपाईची प्रत मागवा. एवढा एक पाठ उतरवून ती मला भंगारवाल्याच्या हवाली करणार होती. काका नुसते “बरं” म्हणाले. मित्रांनो, भंगाराचे मला इतके वाटले नाही. पण मी गेलो की ताईचे लिहिणे कायमचे गेले, हे मला दिसत होते.

तो शेवटचा शनिवार. पाठ कोळ्यांचा होता. रात्रभर जाळी टाकून हाती काहीच न लागलेले कोळी काठावर जाळी धूत असतात आणि प्रभू त्यांना होडी पुन्हा खोल पाण्यात न्यायला सांगतो. ताईला उरकून टाकायचे होते, पण माझ्या कळा अडकत होत्या. प्रत्येक कळ नखाने उचलायची, शाईची फीत पुसट म्हणून अक्षर उमटले का ते पाहायचे, मग पुढचा शब्द. त्यामुळे कित्येक दिवसांनी तिला शब्द न् शब्द वाचावा लागला. जाळी धुण्यापाशी ती थांबली. तिने पुस्तक मांडीवर घेतले, तेवढाच भाग मोठ्याने वाचला, परत वाचला आणि डोळे पुसले. मग ती पुन्हा लिहू लागली. पाठ संपला, पण बोटे थांबली नाहीत.

‘धुतलेली जाळी पुन्हा ओली करणे किती जिवावर येते, हे त्या कोळ्यांना कोणी विचारले नाही,’ तिने लिहिले. ‘एक जण होडीत सर्वांत शेवटी चढला. त्याचा फारसा विश्वास नव्हता. नाही म्हणण्याचे त्राणही नव्हते.’ असे लिहीत ती पानाच्या तळाशी आली आणि वाक्य अर्धे असतानाच कागद संपला.

तेवढ्यात काका आले. ताई भानावर येऊन चहा करायला आत गेली. काकांनी नेहमीप्रमाणे कागद स्वतःच काढून घेतले, घडी करून खिशात घातले. चहा झाला, ते गेले. पाठाच्या पुढे आपण काय लिहून बसलो, हे ताईच्या अजून ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले थेट रविवारी, उपासनेत. दुपारी ती घरी आली तेव्हा चेहरा उतरला होता. चपलाही न काढता ती माझ्यासमोर बसून राहिली. पाठोपाठ काठी टेकत काका आले. खुर्चीत बसून त्यांनी आधी दम घेतला आणि मग तिला फैलावर घेतले.

“शास्त्रात भर घालतात का, पोरी? जाळी जिवावर येते ती ओळ मी खणखणीत आवाजात वाचून गेलो. पुढच्या ओळीला माझ्या लक्षात आलं, हे शास्त्रातलं नव्हे. तसाच गप्प झालो. सगळे आपले माझ्याकडे बघताहेत.”

ताईने मान खाली घातली. चुकले म्हणाली. चर्चच्या पाळकसाहेबांची माफी मागते म्हणाली.

“त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, ओळ कुणाची का असेना, आज मला तिची गरज होती.” काकांनी खिशातून कागद काढला आणि डोळ्यांशी धरला. “बाकीचं मी जागेवर बसून मनात वाचलं. प्रवचन काही कानात शिरलं नाही, देव मला क्षमा करो. तो शेवटचा चढलेला कोळी. होडी सुटली, त्यानं मागे वळून पाहिलं आणि... इथे कागद संपलाय.”

“पुढे?” काका म्हणाले.

मित्रांनो, बाबा गेल्यानंतर तो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. ताई ओंजळीत तोंड लपवून रडली. काकांनी तिला रडू दिले, पण ते उठायला तयार नव्हते. शेवटी तिने पदराने माझी धूळ पुसली, कोरा कागद चढवला आणि मनाशी काहीतरी म्हटले. ती प्रार्थना होती. या वेळी नुसत्या ओठांची नव्हती, कारण ती संपेपर्यंत हात कळांवर थांबले होते आणि ती संपताच पहिली कळ दाबली गेली.

भंगारवाला आला तो रद्दी घेऊन गेला. मी अजून दमलेलाच आहे. ताईही दमते, कधी कधी दिवसभरात चार ओळीही होत नाहीत. कोळ्याची होडी अजून काठाला लागलेली नाही. पण काका दर शनिवारी येतात, खुर्चीत बसतात आणि डोळे मिटतात.

तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी धूळ खात पडले असेल, तर त्याला थोडे तेल द्या. आणि लिहिता लिहिता थांबलेले एखादे माणूस असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे अर्धे राहिलेले पान मागून घ्या, ते शेवटपर्यंत वाचा आणि एवढेच विचारा, “पुढे?”