पॉइंट जरा वर घ्या

वायरमनने स्टुलावर चढून जुन्या बोर्डाचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि चुकचुकला.

"ताई, ही वायर बिल्डिंगच्या जन्मापासूनची आहे. हिच्यावर रात्रंदिवस मशीन चालवलंत तर एखाद दिवशी भिंत पेटेल."

तिला ते कळत होतंच. बाबांसाठी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने घरात आलं तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. बाबांच्या खोलीत एकच पॉइंट, तोही पंख्यानेच अडवलेला. म्हणून तिने बाहेरच्या खोलीतून एक्स्टेन्शन ओढून घेतलं होतं. ती वायर उंबऱ्यावरून जायची, त्यामुळे खोलीचं दार लागत नसे. आणि काल प्लगला हात लावला तर चटका बसला होता.

वायरमनने खर्च सांगितला. मेन बोर्डापासून वेगळी लाईन, जाड वायर, नवा स्विच, भिंत फोडणं, वर प्लास्टर. आकडा ऐकून तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायची. निम्मा पगार मशीनच्या भाड्यातच जात होता.

"थोडक्यात नाही का भागणार?"

"भिंत न फोडता वरून पट्टी मारतो, तेवढे वाचतील. पण वायरीत हात आखडता घेऊ नका."

"उद्या सांगते," ती म्हणाली.

संध्याकाळी कणीक मळता मळता तिने धाकट्या भावाला फोन लावला. हात पिठाने माखलेले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर चालू केला. भाऊ दुसऱ्या गावी असायचा. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान जेमतेम चालायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं, सुस्कारा सोडला.

"एका पॉइंटला एवढे? ताई, डॉक्टर काय म्हणाले? म्हणजे... तो पॉइंट लागणार तरी किती दिवस आहे?"

तिचे हात परातीत थांबले. पलीकडे त्यालाही आपण काय बोललो ते उमगलं असावं.

"तसं नव्हतं म्हणायचं मला. ताई..."

"कळलं. ठेवते."

कोपराने फोन बंद करून ती बाबांच्या उघड्या दारात आली. मशीन घुरघुरत होतं. बाबांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून पगारातली उचल घेतली आणि वायरमनला बोलावलं. त्याने दुपारभर पट्टी ठोकत वायर बाबांच्या खोलीपर्यंत आणली आणि खाटेला लागून, गादीच्या उंचीवर पेन्सिलने खूण केली.

"इथे बरं पडेल. ताईंना बसल्या बसल्या बटण दाबता येईल."

बाबांनी हात वर केला. बोलायच्या आधी त्यांना श्वास जमवावा लागे. जन्मभर सुतारकाम केलं, त्या भुशानेच छाती खाल्ली होती.

"तिथे नको. जरा वर घ्या."

"वर घेतला तर मशीनची वायर लोंबकळेल, काका."

"लोंबू दे. पुढे इथे टेबल येईल. बटण... टेबलामागे गेलं, तर हिला दर वेळी वाकावं लागेल."

"कसलं टेबल, बाबा?" तिने विचारलं.

"इस्त्रीचं लाव. शिलाईचं लाव. खिडकीचा उजेड चांगला आहे." ते थांबले, दोन श्वास घेतले. "खाट काय, कायमची थोडीच राहणार आहे."

म्हणजे कालचा फोनवरचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता.

वायरमन पेन्सिल वर सरकवत गेला आणि बाबा पडल्या पडल्या बोटाने सांगत राहिले. "अजून. अजून जरा. हां, तिथे." मग वायरमनकडे बघून हसले. "उभा जन्म तुम्हा लोकांशी भांडण्यात गेला. कपाट बसवायला जावं... तर बटण नेमकं मागे."

"मग त्या सगळ्यांचा राग आज माझ्यावर काढताय होय!" वायरमन म्हणाला. बाबांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला. तिने त्यांना उठवून धरलं, पाठ चोळली.

"मास्तरीणबाई," बाबा हळूच म्हणाले. लहानपणी ती सगळ्यांवर हुकूम सोडायची, तेव्हापासून ते तिला तसंच म्हणत. "पैसे वाया नाही गेले. कामाला येईल तुला."

"गप्प बसा तुम्ही. मशीनसाठीच घेतलाय तो."

"हो, हो. मशीनसाठीच."

ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड पोटभर रडून घेतलं.

त्या रात्री एक्स्टेन्शन गुंडाळून ठेवलं आणि खोलीचं दार बऱ्याच दिवसांनी नीट लागलं. बाबांनी हिवाळा काढला. उन्हं तापायला लागली, तेव्हा एका दुपारी ती दवाखान्यात असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. ती रिक्षाने घरी पोचली. मशीन चालूच होतं. काकूंना ते बंद करायचा धीर झाला नव्हता. बटण तिनेच बंद केलं.

भाऊ आला, चार दिवस राहिला. माणसं येऊन गेली, मशीनवाले मशीन घेऊन गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो बाबांच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. ती दारात दिसताच त्याने मान खाली घातली.

"ताई, त्या दिवशी फोनवर मी जे बोलून गेलो... बाबांच्या कानावर नाही ना गेलं?"

"नाही रे. गाढ झोपले होते."

त्याचे खांदे सैल पडले आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला. ती शेजारी बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडून झाल्यावर त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. समोरच्या भिंतीकडे नजर गेली तसं त्याने सहज विचारलं,

"हा पॉइंट एवढा वर का घेतला गं?"

"वायरमनच्या मनात आलं, तिथे बसवला त्याने."

"खाटेवरून हातसुद्धा पोचत नसेल."

"नव्हता पोचत," ती म्हणाली आणि उठली. "ऊठ, तू आहेस तोवर ही खाट तेवढी बाहेर काढू. मला एकटीला नाही उचलायची."