राग ओढून घेणारा खडा

...वाटीच्या तळाशी तो खडा जांभळा दिसतच नव्हता. मिठाच्या पाण्यात तो काळपट व्हायचा, चोखून टाकलेल्या जांभळाच्या बीसारखा, आणि खिडकीच्या जाळीतून उजेडाचे तुकडे वर पडले की फक्त त्या एका फुटक्या कडेला रंग जरासा जागा व्हायचा, पुन्हा विझायचा. रश्मीने वाटी हलवली. रात्र उलटली तरी मीठ पुरतं विरघळलं नव्हतं.

रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पुसायचा, डाव्या मुठीत धरून डोळे मिटायचे, नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहत राहायचं. मग दिवसभराचा राग तो खडा ओढून घेतो. घनश्यामभाऊंनी सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या कॉलेजात ते कार्यालयाचं काम पाहायचे आणि सुटीच्या दिवशी ओळखीच्या लोकांना असे खडे द्यायचे. बदल्यात काही मागत नसत, त्यामुळे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं अवघड जायचं. 'आणि राग जातो कुठे?' तिने तेव्हा विचारलं होतं. 'खड्यात, वहिनी. म्हणून तर धुवायचा.' खड्यातून मग पाण्यात. आणि ते पाणी ती मागच्या अंगणातल्या सदाफुलीला घालायची... सदाफुली करपली. मिठाने करपली हे तिला कळत होतं, तरी त्या वाळक्या काड्यांकडे पाहताना वाटून जायचं—एवढा राग होता का आपल्यात?

असावा. गॅसवाल्यावर ओरडणं, विहारातल्या बैठकीत बायकांना मागे बसवलं म्हणून उठून येणं, नणदेच्या लग्नात वाढप्याशी भांडणं—आणि नंतर छातीत धडधड, हाताला कंप. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. मग प्रफुल्लने एका संध्याकाळी खिशातून हा खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला होता, इतक्या जपून, की तिला नाही म्हणवेना. "देव-बिव नाही हा," तो आईकडे पाहत म्हणाला, कारण विमलाबाईंच्या घरात देव चालत नव्हते. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते. "व्हायब्रेशन असते त्याच्यात. सायन्स आहे." विमलाबाईंनी खडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "दिसते तर चांगला." आणि दुसऱ्या दिवशी तो बुद्धमूर्तीपुढे मेणबत्तीशेजारी ठेवलेला सापडला.

आणि खड्याने काम केलं, हेच तर... तिला हसावंसं वाटलं. कोणी विचारलं तर ती खोटं बोलणार नव्हती. काम केलं. थंड, जड, मुठीच्या उबेने हळूहळू कोमट होणारा तो तुकडा धरला की आत काहीतरी खाली बसायचं, गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसं. घर निवांत झालं होतं. प्रफुल्ल जेवताना बोलायला लागला होता. ती ‘चांगली’ झाली होती.

मग गेल्या आठवड्यात मनाली शाळेतून आली, दप्तर न काढता ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मॅडमनी लाटणं धुतलं."

शाळेत स्नेहसंमेलनाचं जेवण होतं. नववीच्या मुली पुऱ्या लाटत होत्या. उषा मॅडम आल्या, मनालीच्या हातातून लाटणं घेतलं, 'तू ताटं पूस' म्हणाल्या, लाटणं नळाखाली धरलं, धुतलं, आणि शेजारच्या मुलीला दिलं. बस. एवढंच. कुणी हसलंसुद्धा नाही. मनालीने ताटं पुसली.

आणि रश्मीच्या डाव्या मुठीत तेव्हा खडा होता. तिने श्वास घेतला. सोडला. गाळ खाली बसला. आणि ती शांतपणे, खरोखर शांतपणे, म्हणाली, "जाऊ दे, बेटा."

मनालीने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग दप्तर काढलं आणि आत गेली.

ती नजर... रश्मीने वाटीतून खडा काढला, पदराने पुसला, आणि मुठीत न घेता ओट्यावर ठेवून दिला. ती नजर तिला ओळखीची होती, कारण ती तिची स्वतःचीच होती—तुमसरला, त्या दोन खोल्यांच्या घरात. बाबा राइस मिलमध्ये पोती शिवायचे आणि वर्गातली टीना एका व्यापाऱ्याची मुलगी होती, आणि टीनाच्या वाढदिवसाला रश्मीला बोलावणं आलं होतं. केक, चिवडा, गुलाबजाम. खाऊन झाल्यावर सगळ्या पोरींनी प्लेटा तिथेच जमिनीवर टाकल्या, आणि टीनाची आई फक्त तिच्याकडे वाकून गोड आवाजात म्हणाली होती, 'बेटा, तू अपनी प्लेट धो के उधर दीवार पे रख दे.' तिने धुतली. घासून घासून धुतली, उन्हात भिंतीवर ठेवली. एवढ्या पोरींत आपल्यालाच काम सांगितलं याचा तिला अभिमान वाटला होता! धावत घरी येऊन तिने आईला ते सांगितलं. आई सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. तांदळाचे दोन-चार दाणे बाहेर सांडले. मग सूप पुन्हा हलायला लागलं, आणि आई काहीच बोलली नाही.

त्या न बोलण्याचा अर्थ कळायला तिला कितीतरी वर्षं लागली. नागपूरला होस्टेलच्या खोलीत एका दुपारी, काही कारण नसताना, ती भिंत डोळ्यांपुढे आली आणि अंगभर आग झाली. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, ती कारध्याला आली, आणि तिच्यासोबत ती आगही आली—सामानात न दिसणारी. गॅसवाल्यावर, वाढप्यावर सांडत राहिलेली. नेम चुकत होता, एवढंच. राग खोटा नव्हता.

"तयारी झाली का?" प्रफुल्ल दारात होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मनालीची ती नजर दोन रात्री झोपू देईना, म्हणून रश्मीने शाळेत तक्रार केली होती, आणि आज मुख्याध्यापिकांनी दोघांना बोलावलं होतं. तक्रारीच्या दिवसापासून तो रोज पांढरा शर्ट घालत होता, जणू आपल्या बाजूने काही डाग नाही हे दिसायला हवं. शाळा आणि त्याचं कॉलेज एकाच संस्थेचं. त्याचं नाव उपप्राचार्यपदासाठी पुढे गेलं होतं. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणीही त्याचा उच्चार करत नव्हतं.

"आज फक्त ऐकून घे त्यायचं," तो म्हणाला. "शांत राहा. जात काढली का मॅडमनं? नाही काढली. मग आपण काय दाखवणार?"

"लाटणं काहून धुतलं, तेवढं विचारीन."

"रश्मी..."

"तेवढंच."

मनाली गणवेशात चहा पीत होती. कपातून वर न पाहता म्हणाली, "आई, राहू दे नं. माझ्या मैत्रिणी बोलणार नाहीत माझ्याशी." आणि रश्मीचं पाऊल क्षणभर अडखळलं, कारण हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. आपण कुणासाठी चाललो आहोत? या पोरीसाठी, की भिंतीवर प्लेट ठेवणाऱ्या त्या दुसरीसाठी? उत्तर सापडेपर्यंत थांबलं, तर आणखी तीस वर्षं जातील, एवढंच कळलं.

विमलाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. त्या नेहमी मुलाच्या बाजूने बोलायच्या, म्हणून रश्मी नुसती 'येतो आम्ही' म्हणून पुढे निघाली. मागून आवाज आला.

"रश्मी."

"हो, आई?"

"जोरानं बोलजो. थ्या लोकायले कमी आयकू येते."

प्रफुल्लने गाडी सुरू करता करता मागे वळून आईकडे पाहिलं. त्या शेंगा निवडत होत्या.

पुलावरून जाताना वारा कानात भरला होता. खाली नदी रुंद, संथ. काठावर कुणी धुणं धूत होतं. किती वर्षांपूर्वी इथेच कुठेतरी ती देवांची टोपली पाण्यात गेली असेल. ते लोक तेव्हा शांत होते का? तिने कधी तसा विचार केला नव्हता. विहारात भंतेजी शांतीबद्दल बोलायचे आणि तिला ती चांदण्यासारखी कुठूनतरी वरून येणारी वाटायची. पण ती टोपली उचलणाऱ्या माणसाचे हात—ते थरथरत असणार. थरथरतच त्याने ती सोडली असणार.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत पंखा होता, फुलदाणी होती, चार खुर्च्या होत्या. उषा मॅडम आधीच बसल्या होत्या. बारीक चणीच्या, डोळे सुजलेले. रडल्या असाव्यात. रश्मीला हे अपेक्षित नव्हतं. मनात तिने या बाईला किती मोठं करून ठेवलं होतं.

"गैरसमज झाला असेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आपण सगळी सुशिक्षित माणसं आहोत."

"वीस वर्षं शिकवते आहे मी," उषा मॅडमचा आवाज चिरकला. "कधी कोणाची जात काढली नाही. तिला पुरी लाटता येत नव्हती, म्हणून दुसरं काम दिलं."

"ठीक आहे," रश्मी म्हणाली. "लाटणं काहून धुतलं?"

"स्वच्छतेसाठी."

"त्या दिवशी आणखी कोणाच्या हातातून लाटणं घेतलं होतं?"

"दोघी-तिघींच्या... गर्दी होती."

"ते धुतलं?"

पंखा फिरत होता. उषा मॅडमनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलेलं रश्मीला स्पष्ट दिसलं. या बाईने हा प्रश्न स्वतःला आजवर विचारलेलाच नव्हता. तिच्या हातांनी ते केलं होतं, तिच्या डोक्याला न विचारता. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कुणाच्या तरी आईला पाहून शिकलेले हात.

"रश्मीताई, आवाज जरा..." मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शांतपणे बोलू या."

तिचा आवाज चढला होता? चढला होता. छातीत धडधडत होतं, हाताला कंप सुटला होता, सगळं नेहमीसारखंच. आणि तेवढ्यात शेजारून प्रफुल्लचा हात हळूच आला. टेबलाखालून नव्हे, वरून, सगळ्यांच्या देखत. त्याने येताना खिशात घालून आणलेला तो खडा तिच्यापुढे ठेवला आणि बोटाने किंचित तिच्याकडे सरकवला. औषध द्यावं तसा. माझी बायको अशी आहे, सांभाळून घ्या, असं तो खडाच बोलत होता.

तिने खड्याकडे पाहिलं. मग त्या बोटाकडे. ते तिच्या हातापेक्षा जास्त कापत होतं.

आणि राग... तो एका झटक्यात प्रफुल्लवरून उतरला, आणि त्या धुतलेल्या लाटण्यापाशी होता तिथून मात्र तसूभर हलला नाही. तिने खडा उचलला, नवऱ्याचा तळहात उलटा केला, त्यात ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"तुम्हीच धरा," ती म्हणाली. "आज तुम्हाला लागेल."

तिने पुन्हा समोर पाहिलं. "मॅडम, ते धुतलं?"

"नाही," उषा मॅडम म्हणाल्या. जवळजवळ ऐकू येणार नाही इतक्या हळू. मग घाईने, "पण माझ्या मनात तसं काही... तुमच्या मुलीला वाईट वाटलं असेल तर मी सॉरी म्हणते."

"झालं तर मग!" मुख्याध्यापिका हसून उठायला लागल्या.

"वाटलं असेल तर, नाही," रश्मी बसूनच होती. "केलं, म्हणा. आणि मला नाही, मनालीला. ज्या मुली तिथे होत्या, त्यांच्यासमोर."

"हे जरा जास्त होतंय, ताई. प्रफुल्ल सर, तुम्ही सांगा."

प्रफुल्ल उभा राहिला. मिटलेली मूठ त्याने पाठीमागे धरली होती, शाळकरी पोरासारखी. एकदा मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, एकदा रश्मीच्या डोक्याकडे. "मी काय सांगू?" तो म्हणाला. "ती विचारून राहिली, त्याचं उत्तर द्या."

त्याचा आवाज इतका सपाट होता, की ही साथ होती की हतबलता, ते तिला कळलं नाही. मुख्याध्यापिकांनी संस्थेच्या सचिवांशी बोलावं लागेल म्हटलं. बोला, ती म्हणाली, मी उद्या येते, परवाही येते. उषा मॅडम नखं पाहत होत्या.

बाहेर व्हरांड्यात मधली सुटी झाली होती. मनाली खांबापाशी एकटी उभी होती. "सगळ्या वर्गाला तुझा आवाज आला," ती म्हणाली. चिडून.

"मग?"

मनालीने ओठ चावला. रागावलेली होती, लाजलेली होती, आणि त्याखाली आणखी काहीतरी होतं ज्याला अजून चेहरा मिळाला नव्हता. "काही नाही," ती म्हणाली आणि वर्गाकडे गेली. मान मात्र खाली नव्हती... की हे आपल्यालाच तसं दिसावंसं वाटतंय?

परतताना पुलाच्या आधी प्रफुल्लने गाडी बाजूला घेतली. ट्रक एकामागून एक जात होते. तो हँडलवर हात ठेवून बसून राहिला. उपप्राचार्यपद गेलं असेल, मनालीचे दिवस कठीण जातील, सचिव बोलावतील, समजावतील, धमकावतील. हे सगळं तिला दिसत होतं, आणि छाती अजून धडधडत होती, तळवे गरम होते, कानांच्या पाळ्या जळत होत्या. इतकी वर्षं आपण याला दुखणं म्हणत आलो. डॉक्टरकडे घेऊन गेलो याला. आणि हे बिचारं, सुपातल्या त्या थांबलेल्या तांदळापासून, एवढं एक वाक्य बोलायला तर धडपडत होतं...

"बरं वाटून राहिलं का आता तुले?" प्रफुल्लने मागे न पाहता विचारलं. त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

तिने आत चाचपून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, ट्रकच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने—आणि तिला उमगलं, की बरं वाटण्याची तिला आता काही घाईच उरलेली नाही.