बोरस्ते शिखर

मानवजातीच्या इतिहासात उष्णतेने तीनच वेळा कूस बदलली: माणसाने अग्नी पेटवला तेव्हा, वाफेवर इंजिन चाललं तेव्हा, आणि नाशिकला गंगापूर रोडवर गोदातट उष्मामापन व तापीय विश्लेषण परिषद स्थापन झाली तेव्हा. परिषदेच्या रौप्यमहोत्सवी निमंत्रणपत्रिकेवर हे वाक्य जाड ठशात छापलेलं होतं. त्याच आठवड्यात परिषदेचे अध्यक्ष प्राध्यापक रावजी बोरस्ते यांना कणकण आली, तेव्हा परिषदेच्या कपाटात साधा थर्मामीटर सापडला नाही. शेवटी चिटणीस सलीम अत्तार यांनी अध्यक्षांच्या कपाळाला हात लावून ‘आहे थोडा’ एवढं मापन केलं.

ती कणकण तापाची नव्हती, धास्तीची होती. पण ती मोजायचं साधन तर कुणाकडेच नव्हतं.

थर्मामीटर नसला तरी परिषदेकडे यंत्र होतं. सलीमभाई ज्या औषध कारखान्यातून निवृत्त झाले, त्याने ते मोडीत काढलं होतं आणि सलीमभाईंनी ते मायेने सोबत आणलं होतं. पदार्थाचा कण शर्टाच्या बटणाएवढ्या ॲल्युमिनियमच्या वाटीत ठेवायचा, झाकण दाबायचं आणि वाटी यंत्रात सावकाश तापवत न्यायची. पदार्थाने कुठे किती उष्णता गिळली ते यंत्र आलेखावर काढून दाखवतं. जिथे गिळली तिथे आलेखात खड्डा पडतो. आलेख उलटा काढला तर त्याच खड्ड्याचं शिखर होतं. खड्डा की शिखर, या प्रश्नावर परिषदेत बरीच वर्षं कडाक्याचा वाद झाला, दोन सभासद राजीनामे देऊन गेले, आणि अखेर शिखराच्या बाजूने कौल लागला. खड्ड्यांच्या बाबतीत नाशिककर आधीच स्वयंपूर्ण होते.

आणि मग खरोखरच एक शिखर सापडलं. लासलगावचा कांदा, सुरगाण्याची नागली, निफाडचा बेदाणा, येवल्याच्या पैठणीतला रेशमाचा धागा, काहीही तापवा, चारशे अंशांच्या पुढे, सगळ्याचा कोळसा होऊन गेल्यावर, आलेखावर एक सुबक टेंगूळ यायचं. जगातल्या कुठल्याही ग्रंथात त्याची नोंद नव्हती. सलीमभाईंनी लगेच वर्तमानपत्रात मजकूर दिला की सगळं जळून गेलं तरी नाशिकपण उरतं. वाचकांचे डोळे पाणावले. काहींनी तर हे आपल्याला आधीपासून जाणवत होतं, असं कळवलं.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. भाग्यश्री लिमये यांनी तोच लासलगावचा कांदा मागवून आपल्या यंत्रात तापवला. त्यांना शिखर दिसलं नाही. एखादी साधी संस्था इथे थबकली असती. परिषदेने बैठक घेतली आणि ठराव केला की संगमनेर ओलांडताना शिखर मावळतं. शोधाला ‘बोरस्ते शिखर’ हे नाव देण्याचंही त्याच बैठकीत ठरलं. रावजी संकोचाने नको नको म्हणत राहिले, पण इतक्या हळू आवाजात की ते कार्यवृत्तात आलं नाही.

आता रावजींच्या अंगठ्याविषयी थोडं सांगायला हवं.

रावजींना मागे हृदयाचा झटका येऊन गेला होता. तेव्हा परिषदेचे उपाध्यक्ष आणि शहरातले नामांकित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. दिनेश खैरनार यांनी रावजींच्या पत्नीला, ललिताबाईंना, समोर बसवलं आणि रावजींकडून तंबाखू सोडण्याचं वचन घेतलं. तंबाखूवर डॉक्टर असं काही बोलले की दवाखान्यातल्या परिचारिकाही हळहळल्या. रावजींनी वचन पाळलं. घरात तंबाखूची काडी नाही, खिशात पुडी नाही. ललिताबाई शेजारपाजारी अभिमानाने सांगायच्या, आमच्या ह्यांचा निश्चय म्हणजे निश्चय.

तो निश्चय गंगापूर रोडपर्यंत यायचा आणि प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांबरोबर बाहेर थांबायचा. आत नायट्रोजनच्या सिलिंडरमागे रावजींची पुडी आणि चुन्याची डबी होती. डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने निगुतीने मळायची, दाढेखाली सारायची आणि प्रसन्न चित्ताने प्रयोगाला बसायचं. वाटीचं झाकणही त्याच अंगठ्याने दाबायचं. यंत्राच्या बरोबर वर भिंतीवर रावजींच्याच अक्षरात पाटी होती: ‘वाटीला हात लावू नये. चिमटा वापरावा.’ पण ती पाटी विद्यार्थ्यांसाठी होती.

समारंभाच्या जरा आधी ललिताबाईंची धाकटी बहीण सविता मनमाडहून आठवडाभर राहायला आली. भावजींचं शिखर बघायची तिला हौस. ती रोज डबा घेऊन प्रयोगशाळेत यायची आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या स्टुलावर बसून राहायची. रावजींना सिलिंडरमागे जायची सोय उरली नाही. त्या आठवड्यात शिखर एकदाही आलं नाही. सविता म्हणाली, माझाच पायगुण वाईट. ती मनमाडची गाडी धरून गेली आणि त्याच संध्याकाळी शिखर परत आलं. मेहुणीने घडवून आणलेला इतका निर्दोष प्रयोग रावजींच्या साऱ्या हयातीत झाला नव्हता.

दुसरा कुणी शास्त्रज्ञ आनंदाने ओरडत रस्त्यावर धावला असता. रावजींनी न्हाणीघरात जाऊन हात धुतले. खायचा चुना चारशे अंशांच्या पुढे तापला की त्यातलं पाणी सुटतं आणि त्याला उष्णता लागते, हे त्यांनी स्वतः बी. एस्सी.च्या वर्गांना उभा जन्म शिकवलं होतं. नाशिकपण म्हणजे त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता.

खरं सांगावं तर शिखर जाणार, नाव जाणार आणि ललिताबाईंना कळणार. या तिन्हींत तिसऱ्याने रावजींची झोप उडवली. गप्प राहावं, तर एक धडधडीत खोटं संगमरवरी पाटीवर आपल्या नावाने कायमचं बसणार. पाटी तर कोरूनही झाली होती.

त्यांनी एकदा सलीमभाईंपाशी विषय काढून पाहिला. म्हणाले, “समजा, शिखराचं कारण मातीत नसलंच तर?”

“मग पाण्यात असेल, सर,” सलीमभाई शांतपणे म्हणाले. “गोदावरीचं म्हणू. पुण्याला गोदावरी कुठंय?”

पाहुणे कोण बोलवायचे यावर डॉ. खैरनारांनी सुचवलं की पुण्याच्या त्या बाईंनाच बोलवा, त्यांच्या डोळ्यांदेखत शिखर काढू. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात रावजींचंही मत होतं.

समारंभाला सभागृह भरलं. यंत्र फुलांच्या माळा घालून मंचावर आणलं होतं. पहिल्या रांगेत ललिताबाई ठेवणीतली पैठणी नेसून बसल्या होत्या. त्या पैठणीतही शिखर आहे, हे सलीमभाईंनी माइकवरून सांगितलं तेव्हा त्यांनी पदर जरा सारखा केला. रावजींना शाल आणि श्रीफळ मिळालं. ते घेण्याआधी धीर यावा म्हणून रावजी सभागृहामागे एक चक्कर मारून आले होते.

भाग्यश्रीताई बोलायला अगदी मऊ होत्या. त्यांनी पर्समधून बाकरवडीचा एक तुकडा काढला आणि रावजींच्या हातात दिला.

“सर, ही पुण्याची आहे. हिच्यात शिखर यायला नको, हो ना?”

सभागृह खुशीत हसलं. रावजींनी बाकरवडीचा कण वाटीत ठेवला, सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून चिमटा विसरले, आणि गडबडीत हात सवयीने जातो तिथेच जातो. अंगठा झाकणावर दाबला गेला. वाटी यंत्रात गेली. यंत्र तापेपर्यंत भाषणं करायची सोय ठेवली होती, त्यामुळे पाच जणांनी नाशिकपणावर आणि सहाव्याने पाचांवर बोलून घेतलं.

मग पडद्यावर शिखर उगवलं. सणसणीत, डौलदार, पुण्याच्या बाकरवडीत.

सभागृहात टाचणी पडली असती तरी तिचं वजन कळलं असतं. पहिले सावरले ते सलीमभाई. त्यांनी माइक ओढून घेतला आणि सांगितलं की बाकरवडीच्या मसाल्यात कांदा असतो, आणि तो कांदा लासलगावचाच असणार, दुसरा मिळतो कुठे. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉ. खैरनार उठून म्हणाले की शिखर आता जिल्ह्याचं राहिलं नाही, ते राष्ट्राचं झालं. संगमनेरचा ठराव तिथल्या तिथे मागे घेण्यात आला.

रावजींनी पडद्याकडे पाहिलं. इतकं देखणं शिखर त्यांना एकदाही मिळालं नव्हतं. आज चुना जरा जास्तच लागला होता.

भाग्यश्रीताई वाद घालायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सरांचं हे वाटी भरण्याचं तंत्र फार वेगळं आहे, माझ्या विद्यार्थ्यांना मी ते शिकायला पाठवते. दिसेल ते लिहा, हवं ते लिहू नका, असं ज्यांनी वर्षानुवर्षं मुलांना बजावलं, त्या रावजींना डोळ्यांसमोर पुण्याची मुलं रांगेने सिलिंडरमागे जाताना दिसली. ते उठून माइकपाशी गेले.

ते म्हणाले, शिखर खरं आहे, पण ते कांद्याचं नाही, नागलीचं नाही आणि मातीचं तर नाहीच. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं आहे. स्रोत, प्रयोगकर्त्याचा उजवा अंगठा.

सभागृहाला हे फार आवडलं. अंगठ्याचं काही तरी शास्त्रीय मोठेपण असावं, असं वाटून मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. सलीमभाई मात्र कारखान्यात मुरलेले होते. ते पुढे झुकून कुजबुजले, “सर, घराला चुना काढायला घेतला होता म्हणा.”

“आमच्या घराला ऑइल पेंट आहे,” पहिल्या रांगेतून ललिताबाई म्हणाल्या. कुजबूज माइकवर गेली होती.

रावजी एवढंच म्हणाले, “खायचा चुना आहे, ललिता.”

 ललिताबाईंनी विचारलं, “कधीपासून?”

“शिखर सापडलं तेव्हापासून,” रावजी म्हणाले, आणि माइक चालू असल्याने प्रामाणिकपणे पुढे जोडलं, “म्हणजे, सापडलं ते त्यामुळेच.”

ललिताबाई उठल्या, मंचावर आल्या, नवऱ्याच्या खांद्यावरची शाल काढून घडी केली, श्रीफळ उचललं आणि रिक्षाने घरी निघून गेल्या. भाग्यश्रीताईंनी शास्त्रात असा कबुलीजबाब दुर्मीळ असतो, असं चार शब्दांत सांगितलं आणि पुण्याची गाडी गाठायला गेल्या. संगमरवरी पाटीवरचा पडदा ओढायला कुणी पुढे आलं नाही. लोक चहाकडे वळले. एक जण दुसऱ्याला सांगत होता, म्हणजे अंगठा नाशिकचाच ना, मग झालं तर.

रावजी मंचामागे एकटेच उभे राहिले. पाठीमागून कुणीतरी त्यांचा दंड घट्ट धरला. डॉ. खैरनार होते. चेहरा तोच, दवाखान्यातला, वचन घेतानाचा. रावजींनी मान खाली घातली. आता रक्तवाहिन्या, आता झडपा, आता यमराज, हे सगळं ऐकायची त्यांनी तयारी केली.

डॉक्टरांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं.

“रावजी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “पुडी माझ्याजवळ आहे. तेवढा जरा चुना द्या.”