बरा होता

माझी बायको क्षमा हिचं सिनेमाबद्दलचं मत अठ्ठावीस वर्षं दोन शब्दांचं होतं. कुठलाही सिनेमा असो, थिएटरातून बाहेर पडताना मी विचारायचो, "कसा वाटला?" आणि ती म्हणायची, "बरा होता." विषय संपला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. काही माणसांना मतंच नसतात, अशी माझी समजूत होती. माझ्याकडं दोघांना पुरून उरतील एवढी होती.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आहे. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि माल कसा आहे ते तिथल्या तिथं सांगून टाकायचं, हे माझं काम. सिनेमाचंही तसंच. पार्किंगमधून स्कूटर बाहेर निघेपर्यंत माझा निकाल लागलेला असतो.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी चष्मा घरी राहिला म्हणून मी दुपारी परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. क्षमा स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि फोन स्पीकरवर ठेवून साताऱ्याच्या श्रद्धावहिनींशी बोलत होती. या वहिनी अकरा वर्षं आमच्या समोरच्या दारात राहायच्या. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि त्या साताऱ्याला गेल्या. त्यांचं लोखंडी कपाट जिन्यातून उतरवायला मी स्वतः हात लावला होता.

"पहिला भागच खरा चांगला होता," क्षमा सांगत होती. "दोघं भाऊ जेवत असतात आणि आई स्वतःचं ताट उचलून आत जाते ना, तिथं मला रडू आवरेना. वाटणीचं तिला पोरांच्या आधी कळलेलं असतं गं. म्हणून ती भांडत नाही."

मी चपला हातात घेऊन उभा राहिलो. आदल्या दिवशी हाच सिनेमा बघताना मी हिच्या शेजारच्या खुर्चीत होतो. ही रडली कधी? मी तर बाहेर आल्या आल्या सांगून टाकलं होतं की पहिला भाग उगाच लांबवलाय आणि आईचं काम करणारी बाई निव्वळ ठोकळा आहे. त्यावर ही म्हणाली होती, "बरा होता."

वीस मिनिटं त्या दोघी बोलल्या. मधेच क्षमा हसली, असं हसली की मटाराच्या शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. मग माझ्या ध्यानात आलं की रविवारी एकच सिनेमा वहिनींनी साताऱ्यात बघायचा, हिनं माझ्याबरोबर सांगलीत बघायचा आणि सोमवारी दुपारी मी यार्डात असताना दोघींनी मिळून तो उलगडायचा, हे तीन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. तिकिटं मी काढत होतो.

खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. परक्या पुरुषाशी बोलताना सापडली असती तर आरडाओरडा करायची तरी सोय होती. शेजारणीशी सिनेमावर बोलते म्हणून बायकोवर कोण रागावतं? मी चष्मा न घेताच परत गेलो.

बुधवारी जेवताना विषय काढला. "परवाचा सिनेमा तुला नक्की कसा वाटला?"

"बरा होता की."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही म्हणालात तसाच. पहिला भाग लांबलाय." पोळी वाढता वाढता, अगदी सहज.

हिनं माझंच मत मला वाढलं होतं. ताजं होतं ते सगळं साताऱ्याला गेलं होतं.

पुढच्या सोमवारी यार्डाला निघताना मी तिच्या फोनचा चार्जर माझ्या बॅगेत टाकला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं करावी अशी ही गोष्ट नव्हे, हे मला कळत होतं. संध्याकाळी "चुकून आला वाटतं" म्हणत काढून दिला.

त्याच आठवड्यात कडेगावकडचे अर्जुनाबापू हळद घेऊन आले. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हळकुंड मोडलं आणि तसंच हातात धरून उभा राहिलो. तीन खरेदीदार माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बोलेना, तेव्हा एकानं स्वतः हळकुंड मोडलं. दुसऱ्यानं वास घेतला. मग त्यांची आपसात हुज्जत लागली आणि बोली भलतीच वर गेली. नंतर बापू माझ्यासाठी चहा घेऊन आले.

"सायेब, आज गप ऱ्हायलासा ते लय बेस झालं."

"का हो बापू?"

"आवं, तुमी आदी बोलला की बाकीची नुसती मान हलवत्यात. आज त्यास्नी माल बघावा लागला."

बापू गेले. पुढचं हळकुंड मी मोडलं नाही, खरेदीदाराच्या हातात दिलं.

त्या रविवारी आम्ही गेलो तो सिनेमा एका नोकरदार बाईचा होता. ती एक दिवस बसमधून आधीच्या थांब्यावर उतरते, बाकावर तासभर नुसती बसते आणि मग घरी जाऊन स्वयंपाक करते. हा प्रसंग का ठेवला, या विषयावर माझ्या जिभेवर पाच मतं तयार होती. मी ती दाताखाली धरली. मध्यंतरात गप्प. पार्किंगमध्ये गप्प. विश्रामबागच्या सिग्नलला क्षमानं मागून विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

घरी आल्यावर तिनं भडंग कालवलं, चहा ठेवला. माझ्यासमोर बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं मला विचारलं, "कसा वाटला?"

"तू सांग."

"बरा होता," ती म्हणाली.

संपलं, मला वाटलं. मी भडंगातले शेंगदाणे वेचत बसलो. दोनचार मिनिटं गेली असतील.

"ती बाकावर रडत नाही, ते मला फार आवडलं," क्षमा म्हणाली. "दुसऱ्या कुणीही तिला रडवलं असतं."

"मग ती काय करते?" मी विचारलं. एवढंच.

आणि ती सुरू झाली. त्या बाईची पिशवी, तिच्या सासूचं खोटं दुखणं, शेवटी नवरा दार उघडतो तेव्हा त्याच्या हातात असलेला चमचा. मी डोळे उघडे ठेवूनही यातलं काहीच बघितलं नव्हतं. चहावर साय धरली. मग ती थांबली आणि म्हणाली, "मीही तसं केलंय एकदा."

"काय?"

"वरद तिसरीत होता. काकूंकडं म्हणून मिरजेला गेले आणि स्टेशनात जाऊन बाकावर बसले. दोन तास. काकूंकडं गेलेच नाही."

"का?"

"कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसायचं होतं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, काकू कशा आहेत. मी म्हटलं, बऱ्या आहेत."

आमचा मुलगा वरद आता सव्वीस वर्षांचा आहे.

एवढं मिळाल्यावर माणसानं समाधानी व्हायला हवं. पण सोमवारी सकाळी मी चार्जर पुन्हा बॅगेत टाकला आणि घसा धरलाय म्हणून घरीच राहिलो. मधल्या खोलीत चादर ओढून पडलो. दुपारी फोन आला, तो हिनं नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला.

"ती बाकावर बसते ना, तिथं मला तूच आठवलीस," श्रद्धावहिनी म्हणाल्या. "मिरजेची."

म्हणजे यांना माहीत होतं. मी त्यांचं कपाट उतरवत होतो तेव्हाही माहीत असणार.

"काल सांगितलं मी त्यांना," क्षमा म्हणाली.

"अगं बाई. काय म्हणाले?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"बरं, शेवट कसा वाटला? सकाळपासून थांबलेय विचारायला."

"बरा होता."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे बरा. काल सगळं बोलून झालं गं."

मला इतका आनंद झाला की मी खोकायचं विसरलो. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "बरं." तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दोन आठवडे मी तोच गिळत होतो.

"ठेवते हं," क्षमा म्हणाली. "चार टक्के राहिलेत आणि चार्जर सकाळपासून सापडत नाहीये."

बॅग माझ्या उशाशीच होती. मी चार टक्क्यांचे तीन टक्के होईपर्यंत पडून राहिलो असेन. मग उठलो, चार्जर काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन तिच्यासमोर धरला. तिनं चार्जरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बॅगेत होता," मी म्हणालो. "मीच टाकला होता. त्यांनाही सांग तो चमच्याचा शेवट. थांबल्यात त्या."

फोन चार्जरला लावून तिनं खुर्ची भिंतीकडं ओढली आणि वहिनींचा नंबर लावला. मी खोलीत येऊन दार लोटून घेतलं. पूर्ण नाही.