भुकेच्या तोंडापुढचा फुगा

"डोळे कुठं बघत्यात असं ठिवू?" धम्मपालनं विचारलं.

समोरचं गिऱ्हाईक गोंधळलं. आप्पासो त्याचं नाव. म्हसवडच्या बाजाराला आलेला, हातात आईचा फोटो. म्हातारी खुर्चीत टेकवून बसवलेली, अंगावर नवं लुगडं, डोळे मिटलेले.

"कुठं म्हंजी? म्होरंच की."

"म्होरं ठिवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसंल ती. घरात कोन कोन आसतं?"

"माझी मंडळी आसती." आप्पासो जरा विचारात पडला. "नगं. जित्तेपणी लय बघून झालंय तिच्याकडं. गोठ्याकडं बघू द्या. म्हशीत जीव हुता तिचा."

"गोठा कंच्या हाताला?"

"डाव्या."

"बरं. पुढल्या बाजारी या."

धम्मपालचा हा धंदा होता. माण तालुक्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी उभ्या जन्मात फोटो काढलेला नसतो. माणूस गेलं की फोटोग्राफरला बोलावतात. मग तो फोटो धम्मपालकडे येतो. तो मोठा करून रंगवतो आणि डोळे उघडून देतो. अवघ्या पंचक्रोशीत गेलेली माणसं त्याच्या हातानं भिंतींवरून बघत असतात.

मी त्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला होतो. सांगलीच्या एका वाचनालयातून निवृत्त झालो तेव्हापासून महिन्यातून एखाद्या बाजाराला एस्टीनं इकडं येत असे. धम्मपाल तरुण असताना जुनी सचित्र मासिकं चाळायला आमच्या वाचनालयात येई, तेव्हाची ओळख, आणि तेव्हापासून मी त्याच्या घरच्यांचा मास्तर. मी बोलका नाही, तोही नाही. तरी आम्ही दोघांनी मिळून एक पुस्तक करायला घेतलं होतं. चित्रं त्याची, शब्द माझे. हे सांगताना आजही मला संकोच वाटतो, कारण शब्द माझे म्हणावेत असं त्यात फारसं काही नव्हतं.

चित्रकथांचं पुस्तक. जगाच्या सुरुवातीला बाप निघून जातो आणि झोप, लाज, हट्ट अशी भावंडं वाटणीला बसतात. झोप रात्र मागून घेते. लाज उंबरा घेते. हट्टाच्या वाट्याला लहान मुलं येतात आणि विसराच्या वाट्याला स्मशान. मग ज्याची त्याची गोष्ट सुरू होते. लाज एकदा उंबरा सोडून पळून जाते, विसराला स्वतःचं घर सापडत नाही, असं बरंच काही. या सगळ्यांत थोरली भूक. वाटणी चालू असते तेव्हा ती चुलीपुढं असते. सगळं वाटून संपल्यावर कुणाला तरी तिची आठवण होते आणि तो विचारतो, "आक्का, तुला काय पाहिजे?"

शेवटच्या पानावर भुकेचा चेहरा आणि तिच्या तोंडापुढं बोलण्याचा पांढरा फुगा. त्या फुग्यातले शब्द मला लिहायचे होते आणि ते मला सुचत नव्हते. 'मला काही नको' लिहिलं तर ती खोटी वाटे. 'सगळं पाहिजे' लिहिलं तर राक्षसीण होई. साताऱ्याचे एक प्रकाशक पुस्तक छापायला तयार होते. एवढ्या एका पानासाठी ते थांबले होते. माझ्या जागी कुणी खरा लेखक असता तर त्यानं ते बसल्या बैठकीत लिहिलं असतं.

"घावलं का काय, मास्तर?" दारातून आवाज आला.

आक्काताई. धम्मपालची थोरली बहीण, हातात डबा. भुकेचा चेहरा तिचाच होता. मोठ्या दुष्काळात आई गेली तेव्हा हिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडून धाकटी भावंडं जगवली. त्यात तिचं लग्न राहून गेलं. धम्मपालनं तिचा चेहरा भुकेला दिला तेव्हा मला भीती वाटली होती की तिला राग येईल. ती पदर तोंडाला लावून हसली होती, "बराबर वळखलंस रं. लय जवळची हाय माझी ती."

"अजून नाही सुचलं," मी म्हणालो.

"आवं, माझं त्वांड काढून ठिवलंय आन् मलाच बोलू दीना तुमी! गेल्या दिवाळीपास्नं बाई आ वासून बसलीया."

"तुम्हीच सांगा ना, आक्काताई. तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

"मी का सांगू? शिकल्यालं तुमी. आदी लिवा, छापा, मग सांगते बराबर हाय का चूक."

"सांग की गं," धम्मपाल म्हणाला.

"न्हाई सांगत. मास्तरांची परीक्षा हाय."

तिनं आमच्यापुढं भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढली. स्वतः मात्र चहात भाकरीचा तुकडा बुडवून कितीतरी वेळ घोळवत बसली.

"तू का जेवत न्हाईस?" धम्मपालनं विचारलं.

"घास आडकतोय जरा. आवळल्यावानी हुतंय. जाईल."

ते गेलं नाही. पावसाळा संपता संपता तिला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती घशापर्यंत पसरली होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. आवाज आधीच बसत चालला होता, तो पुरता गेला. धम्मपाल दुकान बंद करून तिच्या उशाशी बसला.

माझं घर विश्रामबागेत, तिथून मी त्याच्यासाठी डबा नेत असे. पहिल्या दिवशी तो डबा घेऊन जिन्याखाली गेला. जिला पाण्याचा घोट जात नाही तिच्यासमोर कसं खायचं? आक्काताईनं ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझा हात धरला, खाटेशेजारचं टेबल दाखवलं आणि डबा तिथंच उघडायला लावला. धम्मपालला बसवलं. तो मान खाली घालून जेवला आणि ती कुशीवर वळून त्याच्याकडं बघत राहिली. डब्यात एक पोळी उरली तर तिनं बोटानं तीही दाखवली. मग रोज तसंच चाललं. मी खिडकीबाहेर बघत असे. दुसरं काही करणं मला येत नव्हतं.

एका दुपारी धम्मपालनं पिशवीतून शेवटचं पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"आक्का, आता सांग. छापायची वाट नगं बघू. काय म्हणती ही?"

आक्काताईनं पान दोन्ही हातांत धरून निरखून बघितलं. स्वतःच्या तोंडापुढची ती पांढरी जागा बघून तिला हसू आलं असावं, कारण नळी हलली. मग तिनं आमच्याकडं बघितलं आणि तिचे ओठ हलले. पुष्कळ वेळ हलले. एका शब्दाचं ते काम नव्हतं. मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास होता, गरम, औषधाच्या वासाचा.

"पुन्हा सांग आक्का," धम्मपाल म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. मग दमून डोळे मिटले. चेहरा मात्र एखादं काम उरकल्यासारखा दिसला.

"काय म्हणली?" त्यानं मला विचारलं.

"मला ऐकू आलं नाही रे."

त्याच आठवड्यात प्रकाशक काही कामानं सांगलीला आले होते. त्यांना भेटायला आम्ही स्टँडवर गेलो. माणूस वाईट नव्हता. "काहीतरी टाका हो मास्तर," ते म्हणाले. "वाचणारा चित्रच बघतो. कागद घेऊन ठेवलाय मी."

मी खिशातून पेन काढलं. धम्मपालनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"न्हाई, मास्तर. ती बोलली हाय. आता आपलं दुसरं कसं टाकायचं?"

प्रकाशकांना ते कळलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही. ते गाडीत बसून साताऱ्याला गेले.

दिवाळीच्या आधी आक्काताई गेली. तिला म्हसवडला नेलं. आयुष्यात तिनंही कधी फोटो काढून घेतला नव्हता. कामात असताना भावाला चेहरा काढू द्यायची, पण कॅमेरा दिसला की पदर ओढायची. रिवाजाप्रमाणे फोटोग्राफर आला. तिला खुर्चीत टेकवून बसवलं. तो फोटो धम्मपालच्याच दुकानात आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा फोटो मोठा करून झाला होता. साडी रंगवलेली होती, कपाळावरचं गोंदण उठून दिसत होतं. डोळे मिटलेलेच होते. धम्मपाल ब्रश घेऊन बसला होता आणि ब्रशावरचा रंग वाळला होता.

"कुठं बघत हुती वो ती, मास्तर?"

मला एवढंच सुचलं, "जो जेवत असेल त्याच्याकडं."

"मग भिंतीवरनं कुनाकडं बघंल ती?"

त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, धुतला आणि कापडानं पुसून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी घरापुढं मांडव होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी मेणबत्त्या. त्यांच्याजवळ एक नवी फ्रेम ठेवली होती. रंगवलेला फोटो तिच्यात नव्हता. शेवटचं पान होतं. भूक चुलीपुढून मान वळवून बघत होती, डोळे उघडे, तोंड बोलतं, आणि तोंडापुढं तो रिकामा पांढरा फुगा. वरून पांढऱ्या फुलांचा हार. पुस्तकाची बाकीची पानं माझ्या कपाटात होती, अजून आहेत.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. माणसं एकेक पुढं येऊन फुलं वाहू लागली. कुणी त्या पांढऱ्या जागेकडं बघून काही विचारलं नाही, फ्रेममधला दोष समजून भीड पडली असेल. मग हरणाबाई आली. आक्काताईबरोबर खडीवर असलेली म्हातारी, आता कमरेत वाकलेली, कानानं अधू.

"ह्ये पांढरं काय रं ठिवलंयस तिच्या तोंडाम्होरं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"बोलतीया ती," धम्मपाल तिच्या कानाशी वाकून म्हणाला.

"आं? काय म्हणती?"

धम्मपालनं माझ्याकडं बघितलं. मी चपला शोधत असल्यासारखं खाली बघितलं.

हरणाबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. तिनं फुलं टेबलावर ठेवली, कानावरचा पदर मागं सारला आणि फ्रेमच्या अगदी जवळ जाऊन कान लावून उभी राहिली. मागं रांग थांबली होती. तिला कुणी पुढं सरक म्हणालं नाही.