पूर्वपक्ष तेवढा झाला

नानांच्या घरात कोणालाही थेट ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या मुखाने मांडावे, त्याच्याहून नीटस मांडावे, आणि ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ अशी त्याने मान डोलावली की मगच त्याचे खंडन आरंभावे, हा त्या घराचा नियम होता. शास्त्रात पहिल्या भागास पूर्वपक्ष म्हणतात आणि दुसऱ्यास उत्तरपक्ष. नानांनी हयातभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले होते. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडणे म्हणजे निजलेल्या माणसावर वार करणे, असे ते सांगत. पंखा दोनवर असावा की तीनवर, एवढ्या प्रश्नावरही नाना नानींची बाजू इतक्या सहृदयतेने मांडत की तोवर नानी उठून पंखाच बंद करीत.

या संस्कारात वाढलेल्या चिरंजीवांचे शिक्षण मात्र अर्धेच झाले. पूर्वपक्ष त्यांच्या अंगी मुरला. उत्तरपक्षापर्यंत ते कधी पोहोचले नाहीत. ते पुलांचे आराखडे तपासणाऱ्या कार्यालयात होते आणि चूक काढण्यात तिथे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता; पण चूक कागदावर असली पाहिजे. जिवंत माणूस समोर येऊन बोलू लागला की त्याचे म्हणणे त्यांना मनापासून पटे. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारी दोन यंत्रे होती आणि एकातले पाणी दुसऱ्यात जात असे.

सूनबाई दंतवैद्य होती. ती दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करी आणि स्वतःचा दवाखाना काढण्यासाठी काही वर्षे पैसे बाजूला टाकत आली होती. रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक खोली ठरली होती, रुग्णाला बसवायची खुर्ची पसंत झाली होती, आणि सुट्टीहून परतताच त्या खुर्चीची रक्कम भरायची होती. अशा वेळी चिरंजीवांना एका रिसॉर्टमधला फुकट मुक्काम लाभला. दुकानाबाहेरच्या सोडतीच्या पेटीत त्यांनी नावाची चिठ्ठी टाकली होती, कारण पेटीजवळची मुलगी बिचारी उन्हात उभी होती. मुक्कामाला अट एकच: एका छोट्याशा परिचय-बैठकीला यायचे.

पोहोचल्या दिवशी सामान लावताना सूनबाई म्हणाली, “नाना, उद्याच्या बैठकीला तुम्हीही चला.”

“मी? मला तिथे कोण ओळखतं?”

“हे एकटे बोलायला लागले की हो म्हणून येतात. आमचं खातं एकत्र आहे. तिथे यांनी हो म्हटलं की माझी खुर्ची गेली.”

“मी असताना तुझ्या खुर्चीला धक्का लागणार नाही.”

नानी नातीच्या पोहण्याच्या चड्डीची नाडी ओवत होत्या. “तुम्ही नुसते गप्प बसलात तरी पुष्कळ होईल.”

“म्हणजे तुझं म्हणणं असं, की...”

“माझं म्हणणं मला ठाऊक आहे. तुम्ही टॉवेल शोधा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानी नातीला घेऊन पोहण्याच्या तलावाकडे गेल्या आणि उरलेली तिघे सभागृहात. गोल मेजे मांडलेली, मेजागणिक एक कुटुंब आणि एक सल्लागार. भिंतीवर घड्याळ नव्हते. कोपऱ्यात एक पितळी घंटा टांगली होती. एखाद्या कुटुंबाने रिसॉर्टचे सभासदत्व घेतले की ती वाजे, सगळे सल्लागार उठून टाळ्या वाजवत, आणि त्या कुटुंबाच्या चेहऱ्यावर नुकतेच लग्न लागल्यासारखा आनंद आणि धास्ती एकदमच दिसे.

यांच्या वाट्याला आलेला सल्लागार तरुण, गोड जिभेचा आणि इस्त्रीतला होता. बोलेल त्याची बोरे विकतात, याचा तो चालता दाखला होता.

“कुटुंबासोबतचा वेळ तुम्हाला महत्त्वाचा वाटतो ना, सर?”

“वाटतो,” चिरंजीव म्हणाले.

“मुलं बघता बघता मोठी होतात ना?”

“होतात.”

“सुट्टी पुढे ढकलली की राहूनच जाते ना?”

“जाते हो.” एव्हाना चिरंजीवांचा आवाज जड झाला होता.

नाना सूनबाईच्या कानाशी वाकले. “पद्धत पाहिलीस? पायरीपायरीला संमती घेतोय. चांगल्या गुरूकडे शिकलेला दिसतो.”

“नाना, तुम्ही आपल्या बाजूचे आहात.”

“आपली बाजू अजून यायची आहे. घाई करू नये.”

मग योजना उलगडली. दरवर्षी एक आठवडा, इथे किंवा यांच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये, आयुष्यभर. आणि आयुष्य संपल्यावर वारसांना. सल्लागाराने कागदावर आकडा लिहिला, खोडला, खाली लहान आकडा लिहिला. खोडताना त्याच्या मुद्रेवर आईचा दागिना मोडल्याची कळा येई.

सूनबाई म्हणाली, “आम्ही घरी जाऊन विचार करतो.”

“मॅडम, विचार करायलाच तर आपण इथे बसलोय.”

“आमचे पैसे दुसऱ्या कामाला ठेवलेत.”

“सगळेच ठेवतात, मॅडम. काम होतं, माणूस थकतो, आणि मग सुट्टीला पैसेच नसतात.”

“हे मात्र खरं आहे हं,” चिरंजीव म्हणाले.

सूनबाईने नानांकडे पाहिले. नानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“तुमचं म्हणणं मला नीट समजलं का, ते आधी पाहू. चुकलो तर थांबवा.”

आणि नाना बोलू लागले. सल्लागाराने तुकड्यातुकड्यांनी पाठ केलेले त्यांनी एका सूत्रात ओवले. “माणूस घर बांधतो, कारण निवारा आपोआप मिळत नाही हे त्याला कळतं. धान्य भरून ठेवतो, कारण भूक सांगून येत नाही. विश्रांतीबद्दल मात्र तो समजतो, की ती उरलेल्या वेळात सापडेल. उरलेला वेळ कोणी पाहिलाय? मी सुट्ट्यांमध्ये उत्तरपत्रिका तपासत राहिलो आणि माझा मुलगा खिडकीत बसून वाट पाहत राहिला. कोणी माझ्याकडून त्या सुट्ट्यांची किंमत आधीच वसूल केली असती, तर निदान गेलेल्या पैशाच्या लाजेने तरी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो असतो. तेव्हा, जे आपल्या हातून राहूनच जाणार हे ठाऊक आहे, त्यासाठी माणसाने स्वतःला आधीच बांधून घ्यावं. असंच ना?”

सल्लागाराने टायची गाठ सैल केली.

“हो, काका,” तो म्हणाला. “मला हेच म्हणायचं होतं. एवढं काही म्हणायचं होतं, हे मला माहीत नव्हतं.”

शेजारच्या मेजावर एक बेकरीवाला आणि त्याची बायको बसली होती. सकाळपासून त्यांच्या सल्लागाराचे बोलणे पालथ्या घड्यावर पाणी ठरत होते. बेकरीवाल्याने कागदी रुमालाने डोळे टिपले आणि पेन मागितले. घंटा वाजली. टाळ्या झाल्या. एक भारदस्त गृहस्थ, ज्यांना सगळे सल्लागार ‘मोठे सर’ म्हणत, स्वतःची खुर्ची उचलून नानांजवळ येऊन बसले.

चिरंजीवांनी नानांकडे पाहिले. “नाना, मी खिडकीत बसायचो, ते तुम्हाला माहीत होतं?” आणि त्यांचा हात पेनाकडे गेला.

“थांब,” नाना म्हणाले. “हा पूर्वपक्ष झाला. आता खंडन.”

“काकांनी इतकं सांगितल्यावर खंडन कशाला?” मोठे सर म्हणाले.

“शास्त्र आहे ते. मुद्दा पहिला. पुढचा काळ कोणाला दिसत नाही. मग पुढचा आठवडा आज का घ्यावा?”

“म्हणूनच तर तारखा बदलता येतात, काका.”

नानांनी क्षणभर विचार केला. प्रतिपक्षाचे योग्य उत्तर न स्वीकारणे हे त्यांच्या लेखी पातक होते. “स्वीकार्य,” ते म्हणाले. “मुद्दा दुसरा. तेच ते ठिकाण पाहून माणूस कंटाळतो.”

“आमची ठिकाणं पुष्कळ आहेत. दरवर्षी नवं.”

“हेही स्वीकार्य.”

मेजाखाली सूनबाईचा पाय नानांच्या पायावर पडला. नानांनी पाय सोडवून घेतला आणि अपराधी स्वरात म्हणाले, “सूनबाई, त्यांचं बरोबर आहे ग. उगाच खोटं कसं बोलू?”

तिसरा मुद्दा वारसांविषयी होता. मोठ्या सरांनी तोही खोडून काढला, आणि वर चहा मागवला. नानांचे मुद्दे संपले. सल्लागाराने कागद चिरंजीवांपुढे सरकवला आणि पेनाचे टोपण स्वतःच काढून दिले. सूनबाई काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. तिला रागही धड येईना.

“नाना,” ती हळू म्हणाली, “तुम्ही यांचं मांडलंत. यांच्या मोठ्या सरांचं मान्य केलंत. माझं कोणी मांडलं का?”

नाना चपापले. वादातला एक पक्ष मांडलाच गेला नव्हता, आणि तो त्यांच्याच घरातला होता. त्यांनी खुर्ची वळवली आणि चिरंजीवांना म्हणाले, “पेन खाली ठेव. आता सूनबाईचा पूर्वपक्ष. तू मांडायचास. तिने मान डोलावली तरच पुढे.”

“सर, ऑफर आत्तापुरतीच आहे,” सल्लागार म्हणाला.

“मध्ये बोलू नका,” नाना म्हणाले. “तुमच्या वेळी कोणी बोललं होतं का?”

चिरंजीव बायकोकडे वळले. ज्याच्याकडे तोंड करून बसावे त्याचे पटते, हा त्यांचा स्वभाव. पण सकाळपासून त्यांना कोणी बायकोकडे तोंड करून बसू दिले नव्हते. “तिला ती खुर्ची हवी आहे,” ते म्हणाले.

सूनबाईची मान हलली नाही.

“तिला स्वतःचा दवाखाना हवा आहे.”

“तो कशाला?” नानांनी विचारले.

“कारण... कारण आत्ताच्या ठिकाणी तिला मोकळीक नाही.” चिरंजीव कपाळाला आठ्या घालून आठवू लागले. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ती सांगे आणि ते मान डोलावत. “तिथले मालक म्हणतात, दात दुखतोय म्हणून आलेल्यालाही दात पांढरे करायचं पॅकेज सांगायचं. त्याच्या तोंडात कापूस असतानाच सांगायचं, म्हणजे तो नाही म्हणत नाही. आधी मोठा आकडा, मग खोडून लहान. घरी विचारतो म्हणाला, तर म्हणायचं, ऑफर आजचीच.” ते थांबले. समोरचा खोडाखोडीचा कागद त्यांना आता कुठे दिसला. “तिला दुखणाऱ्या माणसाला काही विकायचं नाहीये. म्हणून ती खुर्ची हवी आहे.”

सूनबाईने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने ते सल्लागाराच्या देखत पुसले नाही.

“नको,” चिरंजीव म्हणाले.

“पण कारण काय, सर?” मोठ्या सरांनी विचारले. कारण मिळाले की त्याचे उत्तर त्यांच्याकडे तयार असणार, हे आता नानांनाही कळले होते.

“नको,” चिरंजीव पुन्हा म्हणाले, आणि तो शब्द प्रथमच तोंडात घेतल्यासारखे त्याची चव बघत बसले.

तिघे उठली. सल्लागाराने मुकाट्याने टोपण पेनाला लावले. मोठे सर दारापर्यंत आले ते नानांसाठी. “काका, दर रविवारी इथे बोलायला याल? मानधन देऊ.”

“उत्तरपक्षालाही वेळ द्याल?”

“तेवढा वेळ नसतो, काका.”

“मग जमायचं नाही,” नाना म्हणाले, पण आमंत्रणाने ते थोडे सुखावले होते हे लपले नाही.

वाद असा निकाली निघाला, तरी नानांचे मन स्वस्थ नव्हते. बेकरीवाल्याने त्यांचे अर्धेच ऐकून सही केली होती. दुसरा अर्धा त्याला न ऐकवता घरी जाणे म्हणजे अन्याय. तिसऱ्या दिवशी ते जोडपे पोहण्याच्या तलावात दिसताच नाना काठाने त्यांच्या मागे चालू लागले.

“फक्त दहा मिनिटं द्या.”

“काका, आम्ही घेतलंय एकदा,” असे म्हणून बेकरीवाला पलीकडच्या काठाला गेला. नानाही वळसा घालून गेले.

“तुमच्याच भल्याचं आहे.”

“अहो, हे पण तसेच बोलतात,” त्याची बायको नवऱ्याला म्हणाली. मग नानांना म्हणाली, “आधी सांगा, हे तरी फुकट आहे ना?”

अखेर नाना पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर बसले आणि त्यांनी बाजू मांडली: आपला आठवडा आपण हवा तेव्हा घ्यावा, त्यासाठी सही कशाला, आणि सही मागे घ्यायलाही काही दिवस असतात. बेकरीवाल्याने हनुवटीपर्यंत पाण्यात राहून सगळे ऐकले. “काका, आमची भट्टी कधी थंड होत नाही,” तो म्हणाला. “पैसे गेले म्हटल्यावरच आम्ही ती बंद करणार. लग्नानंतर आम्ही दोघं प्रथमच पाण्यात उतरलोय.”

नानांनी दीर्घ विचार केला. “स्वीकार्य,” ते म्हणाले. पाण्यात नातीचे दोन्ही हात धरून उभ्या असलेल्या नानी मोठ्याने हसल्या.

काठावरच्या बाकावर सूनबाई खुर्चीच्या विक्रेत्याला फोन लावून बसली होती. त्याचा आवाज चिरंजीवांनाही ऐकू येत होता. “मॅडम, तुम्ही साधी घेताय. त्याच्या वरचं मॉडेल घ्या, पेशंटची पाठसुद्धा चोळून देतं.”

चिरंजीवांची मान हळूहळू डोलू लागली. “घाबरलेल्या माणसाला पाठ चोळलेली बरी वाटत असेल, नाही का?”

“आधी माझं म्हणणं सांगा.”

“तुला साधीच हवी. उरलेल्या पैशात खिडकीला पडदे आणि बाहेर बसायला बाक.”

सूनबाईने फोन त्यांच्या हातात दिला. “मग त्यांना सांगा.”

तापले भांडे धरावे तसा त्यांनी तो धरला. “साधीच द्या. पैसे आज पाठवतो.”

“पण सर, एकदा कारण तरी...”

चिरंजीवांनी फोन बंद केला. लगेच त्यांना वाटू लागले, की परत लावून त्या बिचाऱ्याची क्षमा मागावी. सूनबाईने फोन टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवला आणि त्यांना पाण्यात ढकलले.